नंदी मोठे होत चालले

तान्ह्या पोळ्याचे नंदी आमच्याकडे वर्षागणिक मोठे होत चालले आहेत. माझ्या लहानपणी ते हातभर असत. सुताराकडे पडलेल्या सागाच्या तुकड्यातून करून घेतलेला बैल, खाली चार चाकं, गळ्यात सुतळी. ती ओढत पोरं दारोदार फिरायची. दारातली बाई बैलाला कुंकू लावायची आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायची. आता नंदी पुरुषभर उंच असतो. त्याला आणायला ट्रॉली लागते, उतरवायला चार गडी लागतात. अंगावर झूल, शिंगांना विजेच्या माळा आणि मागे मंडळाचा फ्लेक्स. उत्कृष्ट नंदीला बक्षीस, उत्कृष्ट सजावटीला वेगळं. शेजारी कृष्णाच्या नाहीतर शिवाजी महाराजांच्या वेशातलं पोरगं झोपेला आलेलं.

आदल्या दिवशीचा मोठा पोळा त्या मानाने रोडावला आहे. ज्या घरांत दोन-दोन जोड्या होत्या, तिथे गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा असतो. चिखलणीला लोखंडी चाकं लावून तोच बांधीत उतरतो. तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या कमी झाल्या, आणि झडत्या म्हणणारे गळे त्याहून कमी. हाडामांसाचा बैल गावातून निघाला आणि लाकडाचा बैल ट्रॉलीवर बसून परत आला. हा योगायोग नसावा, असं मला वाटत आलं आहे.

मी कोंढ्याचा. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर पहेला, अड्याळ मागे टाकलं की आमचं गाव येतं. कोसरा इतकं लागून, की सगळे ‘कोंढा-कोसरा’ असं एका दमात म्हणतात. धानाचा मुलूख आहे. बोड्या, तलाव, रोवणीच्या दिवसांत कमरेत वाकलेल्या बायांच्या रांगा. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, संकल्पचित्राच्या चौकटीत मोर, हत्ती, कमळ, वेली भरून घेतल्या. त्यामुळे कुठल्या भिंतीवर काय काढलं आहे याकडे डोळे आपोआप जातात. ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

गेल्या काही वर्षांत भिंती बोलू लागल्या आहेत. शाळा, ग्रामपंचायत, लग्नाचा मांडव, पत्रिका, साडीचा काठ. सगळीकडे झाडं, पक्षी, सूर्य-चंद्र, नाग, वाघ. आणि सर्वांत जास्त वारली. पांढऱ्या रेघांची माणसं आणि मधोमध तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा वेढा. डहाणूकडच्या घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, त्यात पालघाट देवी असे आणि भोवती सगळी सृष्टी. ते काम बायांचं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, जिव्या सोमा म्हशे नावाचा माणूस लग्नाची वाट न पाहता चित्रं काढतो हे त्यांनी पाहिलं, आणि ती चित्रं आधी मुंबईत, मग जगभर गेली. म्हशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. त्यांच्या जाळ्याच्या चित्रासमोर मासा होऊन अडकावंसं वाटतं.

पण डहाणू समुद्राकाठी आणि आम्ही वैनगंगेकाठी. मध्ये अख्खा महाराष्ट्र. आमच्या भिंतींवर वारली येते ती कंत्राटातून. रंगवणाऱ्याला नमुना मोबाइलवर मिळतो. त्यात पालघाट नसते, कारण देवी आली की कोणीतरी प्रश्न विचारील. तारपा असतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो. आणि आमच्याकडे गायगोधनाला गोवारी जी मोरपिसांची ढाल घेऊन निघतात, ती कुठल्याच सरकारी भिंतीवर दिसत नाही. ती अजून कोणी जगात नेलेली नाही, म्हणून ती ‘कला’ झालेली नाही. पोळ्याला दारात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मारबतीच्या नावाने ओरडत शिवेबाहेर फेकायचे पळसाचे मेढेही तसेच. त्यांचं पुनरुज्जीवन करायला आधी ते मरायला हवेत. सध्या तरी जिवंत आहेत.

साहेबांच्या देशातही जुन्या चिन्हांचं पुनरुज्जीवन चालू आहे म्हणा. जुन्या चर्चच्या दगडी खांबांवर पानांतून उगवलेला एक चेहरा कोरलेला असतो. तोंडातून, मिशांतून, कपाळातून पानं फुटलेली. 1939 मध्ये लेडी रॅग्लन नावाच्या बाईंनी त्याला ‘ग्रीन मॅन’ म्हणावं असं लिहिलं आणि तो कोणी पुरातन वनदेव असल्याची समजूत रुजली. जाणकार त्यावर अजून भांडतात. भांडण मिटण्याआधीच 2023 मध्ये तो राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर जाऊन बसला. एका राष्ट्राला आपण झाडापानांचे आहोत असं अचानक आठवावंसं वाटलं तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? एवढंच, की तिथे चिन्ह आधी सापडलं आणि अर्थ मागाहून नेमला गेला.

आमच्या नागाचं तसं नाही. त्याचे अर्थ पूर्वीपासून ठरलेले होते, आणि एकमेकांशी पटणारे नव्हते.

आजी नागपंचमीला चुलीजवळच्या भिंतीवर नाग काढायची. गेरूने सारवलेल्या चौकोनात वेटोळी, फणा, बाजूला एक-दोन पिल्लं. त्या दिवशी नांगर नाही, खणणं नाही, चुलीवर तवा नाही. लाह्या आणि दूध. त्याच भिंतीवर थोडं वर जिवतीचा कागद चिकटवलेला असे. जिवतीचा छापील कागद ज्यांच्या घरी असतो त्यांना आठवेल: वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, लेकरं खेळवणाऱ्या जिवत्या, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. म्हणजे एका भिंतीवर नाग देवाच्या पायाखाली आणि त्याच भिंतीवर वीतभर खाली नाग स्वतः देव. आजीला यात काही अडचण वाटत नसे. पावसाळ्यात बांधावर खराखुरा नाग निघाला तर तिसरीच गोष्ट व्हायची, काठी यायची. धानाच्या शेतात उंदीर खाणारा तोच आणि पाय पडला तर चावणाराही तोच. पूजा, चित्र आणि काठी या तिन्ही गोष्टी आमच्या घरात सुखाने नांदल्या.

चौथा नाग पवनीत निघाला.

पवनी म्हणजे आमचं तालुक्याचं गाव. भोवती मातीचा जुना तट, गावात इतकी देवळं की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली आणि चांडकापूरच्या टेकडीखाली मौर्य-शुंग-सातवाहन काळातले स्तूप निघाले, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा घेर असलेले. 1994 मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा खणलं. ज्या टेकड्यांवर गुरं चरत होती, देऊळ उभं होतं, त्यांच्या पोटात कठड्याचे कोरीव खांब होते आणि त्यांवर दान देणाऱ्या माणसांची नावं ब्राह्मीत होती.

त्यातल्या एका खांबावर मुचलिंद आहे. गोष्ट बौद्ध घरांत पोरांनाही ठाऊक असते. ज्ञानप्राप्तीनंतरच्या आठवड्यांत बुद्ध झाडाखाली बसले असता अवकाळी पाऊस लागला, थंड वारा सुटला, आणि मुचलिंद नावाच्या नागराजाने सात दिवस आपल्या वेटोळ्यांनी त्यांना वेढून डोक्यावर फणा धरला. पण पवनीच्या शिळेवर बुद्ध नाहीत. त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवत नसत; झाड, चक्र, पावलं, आसन यांनीच काम भागवत. म्हणून तिथे आहे ते रिकामं आसन आणि त्यावर फणे उभारलेला नाग. ती शिळा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी तिथे तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा आजूबाजूची माणसं दोन-तीन सेकंद थांबून पुढे जात होती. मला हलवेना. चित्रकला मास्तर म्हणून मी मुलांना सांगत आलो होतो की मुख्य विषय मध्यभागी ठळक काढा. इथे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यात कोणीतरी मुख्य विषय गाळून उत्तम चित्र केलं होतं.

आणि पायाखालचा नाग इथे डोक्यावर आला होता.

या शिळेची आमच्या भागाला गरज का पडली, ते समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. 1954 मध्ये भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या काळी उमेदवारागणिक वेगळी मतपेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. अक्षर न येणाऱ्या माणसाने चित्र ओळखून मत टाकायचं. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. नव्या लोकशाहीने मतदाराशी बोलायला जी पहिली लिपी घेतली ती जनावरांची आणि झाडांची होती, याकडे आमचे कलासमीक्षक का बघत नाहीत कोण जाणे. बैलजोडी जिंकली, हत्ती हरला. ज्यांनी ही निवडणूक पाहिली त्या पिढीतली म्हातारी माणसं तो पराभव कालच झाल्यासारखा सांगत.

दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं याचं कारण दिलं: या भागात नाग लोक राहत होते आणि बुद्धाचा धम्म पसरवण्याचं काम त्यांनी केलं. इतिहासकार या मांडणीवर बोलतील. चित्रकला मास्तराच्या नजरेने पाहिलं तर त्या दिवशी एका चिन्हाची जागा बदलली. कालियाच्या रूपात तुडवला जाणारा, सर्पसत्रात जाळला जाणारा नाग एकदम पूर्वज झाला. आणि तेरा वर्षांनी पवनीची टेकडी खणली गेली तेव्हा त्या सांगण्याला जणू दगडाची साक्ष मिळाली.

त्यानंतर आमच्या वस्त्यांमध्ये घडलं ते डोळ्यांदेखत घडलं. भिंतीवरचा पंचमीचा नाग पुसला गेला; धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो राहणं शक्य नव्हतं. जिवतीचा कागद गेला. त्या जागी आलं पिंपळपान, चक्र, कमळ. दीक्षाभूमीवर अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेला पिंपळ आला, त्याच्या शेजारी शिवदानमल यांच्या आराखड्याने सांचीच्या धर्तीवरचा मोठा स्तूप झाला आणि 2001 च्या डिसेंबरात तो खुला झाला. मग गावोगावच्या विहारांना सांचीसारख्या कमानी आल्या. पवनीजवळ रुयाळला 2007 मध्ये महासमाधीभूमीचा महास्तूप उभा राहिला. त्याला जपानी बौद्धांचाही हात लागला. दोन हजार वर्षांच्या अंतराने पवनी तालुक्यात पुन्हा स्तूप बांधला गेला. आणि या सगळ्या कमानींवर, कधी बुद्धमूर्तीच्या मागे, कधी वर, नाग परत आला. घरातून गेलेला नाग गावाच्या दर्शनी भागात आला, सिमेंटचा होऊन.

हे मला त्या कंत्राटी वारलीपेक्षा वेगळं वाटतं, आणि नुसतं आवडतं म्हणून नव्हे. शाळेच्या भिंतीवरचा तारपा उद्या पुसला तर गावात कोणी विचारणार नाही. विहाराच्या कमानीवरचा फणा कोणी खरवडला तर पोलिसांची गाडी येईल. ज्याच्यासाठी माणसं भांडतील ते चिन्ह जिवंत, बाकीचं नक्षीकाम. हे सौंदर्यशास्त्र थोडं रांगडं आहे, मान्य आहे. पण मला दुसरं कसोटीला उतरलेलं दिसत नाही. गोंड मित्रांचंही तेच. चांद्याच्या किल्ल्याच्या दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तो ‘बघा बरं किती छान’ म्हणून दाखवायचो. आता तो मोटारसायकलच्या मडगार्डवर आहे, टी-शर्टवर आहे, कचारगडच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्यांच्या झेंड्यांवर आहे. सहलीतल्या दगडाला मालक मिळाला.

आणि तरीही पंचमीचा नाग संपलेला नाही. श्रावणाच्या सुमारास आमच्या भागातून गाड्या भरभरून पचमढीला जातात, नागद्वारीला. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली ती वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते. पावसात, दरडींतून, शिड्या चढत माणसं नागाच्या गुहेपर्यंत जातात. तिथे कोणी पुनरुज्जीवनाचा शब्द काढत नाही. गुडघे दुखले एवढंच परत आल्यावर सांगतात.

वाघाची कथा मात्र मला अजून नीट लावता आलेली नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या उशाशीच आहे. नागझिऱ्यातून 2013 च्या सुमारास एक नर वाघ चालत इथे आला. त्याचं नाव जय, सिनेमावरून ठेवलेलं. आडदांड देखणा. त्याच्या नावावर सफारीच्या गाड्या भरल्या, कॅलेंडरं निघाली. 2016 च्या वसंतात तो दिसेनासा झाला आणि पुढे कधी सापडला नाही. जंगलाच्या वाटेवर पूर्वी शेंदूर फासलेला एखादा वाघदेवाचा दगड असे. मोहफुलं वेचायला जाणारी बाई त्याच्यापुढे पान ठेवून आत शिरायची. त्या दगडात वाघाचा आकार नसायचाच, फक्त भीती असायची. आताच्या फलकांवरच्या वाघाला मिशीचा केस न् केस आहे आणि भीती अजिबात नाही. ती राहिली आहे शिवारात. पहाटे मोहावर जाणारी बाई अजून फलकाकडे न पाहता झाडीकडे पाहते.

सारसाचंही असंच काहीसं. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियात, भंडाऱ्यात मोजकेच. तेही धानाच्या बांध्यांत, माणसांच्या पायात पाय घालून राहणारे. त्यांची मोजदाद होते, त्यांच्यासाठी न्यायालयाला लक्ष घालावं लागतं, आणि भिंतींवर त्यांच्या जोड्या रंगतात. रंगवलेले सारस खऱ्यांपेक्षा केव्हाच जास्त झाले असतील. लाकडी नंदीसारखेच.

हे सगळं ज्याच्या हातून होतं तो आमचा पेंटर. दुकानांच्या पाट्या हे त्याच्या बापाचं आणि त्याचं काम; वळणदार देवनागरी लिहायचा. फ्लेक्स आला आणि पाट्या बसल्या. काही वर्षं तो घरं रंगवत होता, नंबरप्लेटा करत होता. आता त्याला उसंत नाही. तान्ह्या पोळ्याआधी नंदींचे डोळे तोच काढतो. डोळे त्याच्यासारखे कोणाला जमत नाहीत. शाळेची वारली त्याची, वनखात्याचा वाघ त्याचा, हनुमंताच्या देवळाचं कमळ त्याचं. प्राचीन प्रतीकांचं जे काही पुनरागमन आमच्या परिसरात झालं, त्यावर एका माणसाचं घर चालतं, हे मला कुठल्याही कलाचळवळीच्या जाहीरनाम्यापेक्षा ठोस वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात तो सायकल टेकवून माझ्या ओसरीवर आला. शेजारच्या गावी विहाराची कमान होती. कमिटीतल्या शिकलेल्या पोरांनी सांगितलं होतं की पवनीचा मुचलिंद हवा, अगदी तसाच, आपला आहे तो. मी मोबाइलमधला दिल्लीचा फोटो काढून दिला. त्याने बोटांनी मोठा केला, वेटोळी पाहिली, फण्यांची ठेवण पाहिली. दगडावर कोणीतरी केलेलं काम चांगलं आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“नाग येते मले. बाजूनं सारसाची जोडी टाकतो, तेवढी जागा भरते,” तो म्हणाला. “पन भाऊ, या आसनावर कोनी नाही.”

“नाहीच,” मी म्हटलं. “ते रिकामंच आहे. तसंच काढायचं.” आणि मी त्याला झाड, चक्र, पावलं, मूर्ती नसण्याचा काळ, सगळं समजावून सांगितलं, शाळेत सांगायचो तसं, जरा जास्तच लांबवून.

त्याने शांतपणे ऐकलं. मग फोन परत देत म्हणाला, “तुमचं खरं असन. पन आसन रिकामं सोडलं तर लोक म्हनतीन, पेंटरनं पैसे पुरे घेतले अन् काम अर्धंच केलं.”